अण्णांचं पाच-नऊ

माइक हातात घेतला आणि राजेश्वरीनं तो परत खाली ठेवला. आपल्या हातानं बनवलेल्या रेडिओ सेटवरून पहिली हाक, आणि तीही बापाला. ज्या बापाशी तीन महिने ती चकार शब्द बोलली नव्हती, त्या बापाला.

"मारा की हाक, ताई. आता काय पंचांग बघायचं का?" श्रीमंत म्हणाला.

कळंबच्या बाजारात श्रीमंतचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी हे हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं वायरलेसवर बोलणारे, जमायचे. लायसन काढायचं, सेट स्वतः बनवायचा आणि ताकद पाच वॅटच्या वर न्यायची नाही, हा क्लबचा नेम. "जोरात कुणीबी वरडंल. हळू बोलून लांब पोचावं, त्यात खरी गंमत," असं अण्णांचं म्हणणं. अण्णा म्हणजे राजेश्वरीचे वडील बलभीम. पोलीस वायरलेसमधून रिटायर झालेले, माकणीत एकटेच राहणारे. क्लबातल्या एकूण एकाला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलेलं. म्हणून रीतच पडली होती, नव्या सेटची पहिली हाक माकणीला. उद्या कुणाचा सेट, ते शनिवारी ग्रुपवर टाकायचं. रविवारी साडेनऊला अण्णा रेडिओपाशी बसायचे आणि आवाज कसा पोचला ते मार्क देऊन सांगायचे.

एकेकाळी मार्कांच्या बाबतीत महाचिक्कू माणूस. पाच-पाचच्या वर कुणाला देतील तर शपथ. हल्ली मात्र ज्याला त्याला पाच-नऊ. पाच म्हणजे बोलणं स्वच्छ, नऊ म्हणजे जोर भरपूर. त्याच्या वर मार्कच नाहीत. "म्हातारपणी अण्णांचा हात सैल झाला," म्हणून सगळे हसायचे.

राजेश्वरीला हसू येत नव्हतं. तीन महिन्यांमागं एका बुधवारी, बाप-लेकीच्या ठरलेल्या वेळी, घरच्या जुन्या सेटवरून तिनं सांगितलं होतं, "अण्णा, पोटात गाठ निघालीय. सोमवारी सोलापूरला ऑपरेशन हाय. तुम्ही या." असलं काही मेसेजवर लिहायचं असतं व्हय? ते तोंडानंच सांगावं. आणि फोन तर अण्णा उचलतच नव्हते. रेडिओ असताना फोन कशाला, म्हणायचे.

त्यावर उत्तर काय यावं? "पाच-नऊ, पोरी! झकास! एरियल तेवढं हातभर वर चढव."

झालं! ऑपरेशन झालं, टाके निघाले, बाप फिरकला नाही. मी जाऊन सांगून येतो, असं नवरा म्हणाला, तर ती त्याच्यावरच उसळली, "मी घातलंय त्यांच्या कानावर. यायचं असतं तर आले असते." दगडाला एखाद्या वेळी पाझर फुटेल, या माणसाला नाही, असं तिनं मनाशी धरलं. मग अंथरुणात बसून जेवणाच्या डब्यात हा सेट जुळवला. आता पहिली हाक बापाला, तर ती निव्वळ रीत म्हणून. बाकी काही नाही.

तिनं बटण दाबलं. "माकणी, माकणी, कळंबहून राजेश्वरी बोलतेय. अण्णा, ऐकू येतंय का?"

कोपऱ्यात क्लबचा मोठा रिसीव्हर होता, त्याची एरियल वेगळी. थोड्या वेळानं तो खरखरला. "राजेश्वरी, पाच-नऊ! खणखणीत! आरं, पोरगी कुणाची हाय! शाब्बास!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी भजी सांगायला खाली पळालं. आतली जोडणी दाखवावी म्हणून राजेश्वरीनं डबा फिरवला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

मागं, एरियलच्या भोकात, बल्ब होता.

सेट आधी बल्ब लावून तपासतात. बोललं की बल्ब पेटतो, आणि सगळी ताकद त्या बल्बातच जिरते. मग बल्ब काढून त्या जागी एरियलची वायर लावायची. धांदलीत तिनं बल्ब काढलाच नव्हता. वायर टेबलावर चहाच्या कपापाशी पडून होती. माकणी राहिली लांब, तिचा आवाज जिन्याखालीसुद्धा उतरला नव्हता.

"मग अण्णांनी ऐकलं काय?" श्रीमंत म्हणाला, आणि त्याची नजर घड्याळाकडं गेली.

भिंतीवर साडेनऊ होऊन गेले होते. न उचललेले फोन. खिरापतीसारखे वाटलेले पाच-नऊ. आणि तो बुधवार. अगं बाई, म्हणजे त्यांना ठाऊकच नाही! ज्याला तीन महिने ती दगड म्हणत होती, तो म्हातारा घड्याळ बघून, ग्रुपवर नाव वाचून शाबासकी देत बसला होता. ऐकू येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला.

श्रीमंतनं हळूच वायर उचलली. "लावू का, ताई?"

"लावून काय उपेग हाय?"

तिनं बटण दाबलं. "अण्णा, माझं ऑपरेशन झालं. मी बरी हाय. तुम्ही आला न्हाईत म्हणून लई रागावले होते तुमच्यावर."

शब्दागणिक बल्ब पेटत होता, विझत होता. भजी घेऊन आलेला दारातच उभा राहिला.

रिसीव्हर खरखरला.

"बोल की, पोरी," अण्णा म्हणाले. "लई दिसांनी आलीस. बोल. ऐकतोय मी."