रिकामी पाकिटं

"तरंग यंदा माझ्याकडे दी," ओसरीवर बसता बसता शांताराम म्हणाला. "तुझे पाय बघ रे. चवथीक गणपतीच्या माथ्यार फळांची माटोळी बांधूक स्टुलारसुद्धा चढूक नाय तू."

चुलतभावाच्या तोंडी लागायचं नाही, असं दत्तारामने ठरवलं होतं. पण पोटऱ्यांत गोळे आले की माणूस ठरवलेलं विसरतो.

"दसऱ्याक अजून महिनो आसा. तुका घाई कसली?"

घाई कसली ते दोघांनाही ठाऊक होतं. पार्से गावच्या देवळातलं तरंग म्हणजे लुगड्यांनी मढवलेला उंच खांब. दसऱ्याला तो उचलून नाचवायचा मान दत्तारामच्या घराचा. मान एकदा चुलत घरात गेला की परत आल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

आणि दत्तारामचे पाय तर उन्हाळ्यापासून, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून, दुखत होते.

पेडण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "काळजीचं काही दिसत नाही. पण गोळी मनाने बंद करायची नाही. महिन्याने या, येताना रिकामी पाकिटं आणा. माझा पेशंटपेक्षा पाकिटांवर जास्त विश्वास आहे."

"हरमलाक गोरे लोक ह्याच्यावर कसली तरी कॅप्सूल घेतत म्हणे."

"को-क्यू-टेन. घ्या हवी तर. कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. पक्कं कोणीच सांगत नाही."

पद्मावती, दत्तारामची बायको, शेजारी बसून सगळं ऐकत होती. स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळ्या तिने पिशवीत टाकल्या आणि उठली. वस्तू फुकट घालवणं तिला जमत नसे. सासूच्या बाराव्यानंतर उरलेलं खोकल्याचं औषध तिने खोकला नसताना संपवलं होतं.

दत्ताराम स्कूटरने हरमलला जाऊन कॅप्सूलची बाटली घेऊन आला. किंमत ऐकून पद्मावतीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "आता औषधां मी देतंय. तुमी इसारतास."

तेव्हापासून जेवण झालं की ती त्याच्या हातावर एक पांढरी गोळी आणि एक कॅप्सूल ठेवी. हातावर पडलं की दत्ताराम तोंडात टाकी. त्याचे डोळे टीव्हीवर असत.

पंधरा दिवसांत पोटऱ्या मोकळ्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तो पोफळीचं खोड घेऊन अंगणात नाचू लागला. बाटली खिशात घालून गावभर फिरला. शांतारामलासुद्धा त्याने एक कॅप्सूल देऊ केली. त्याने घेतली नाही.

"अवो, बाटली सगळ्यांका वाटू नका," पद्मावती उंबऱ्यावर टेकत म्हणाली. हल्ली ती जिथे तिथे टेकत असे.

"तुका काय झाला गो?"

"वय झाला."

दसऱ्याला दत्तारामने तरंग असं नाचवलं, की शांताराम टाळ्या वाजवता वाजवता कसनुसा झाला. पद्मावतीला ते खालूनच बघावं लागलं. देवळाच्या पायऱ्या तिला चढवल्या नाहीत.

म्हणून पुढच्या आठवड्यात पेडण्याला दोघांचंही रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला.

"दत्ताराम, तुमचं कोलेस्टेरॉल गोळी सुरू करण्याआधी होतं तिथेच आहे."

"कसा शक्य आसा? एक दिस चुकवूक नाय!" त्याने पाकिटं टेबलावर ओतली. सगळी रिकामी.

त्यांनी ती मोजली. बरोबर भरली. मग दुसरा कागद उचलला.

"आणि बाई, तुमचं तर तरण्या पोरीसारखं कमी आहे. तुम्ही काय घेता?"

"कॅल्शियम," दत्तारामनेच उत्तर दिलं.

पद्मावती पोटरी चोळत होती.

"कॅल्शियम हे घेतत," ती म्हणाली. "मग ह्यांची गोळी काय टाकून देऊची?"