कार्डाचे चार कोपरे

साक्षीने कार्डाचा चौथा कोपरा बल्बच्या उजेडात धरला आणि श्वास रोखून पाहिला. बाकीच्या तिन्हींसारखाच टोकदार होता.

"झालं का बघून?" पिठाचे हात धूत सुलाबाईंनी विचारलं. "पाव्हणे नवरीलाबी एवढं न्याहाळत न्हाईत."

"बन्सीधरकाका याच्याहून न्याहाळणार हायेत, माय. भिंग घेऊन यायलेत सेलूहून."

कार्ड राजेश्री वाघमोडेचं होतं. आज ती देशाकडून गोलंदाजी करते. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका स्पर्धेत मात्र तिला कुणी ओळखत नव्हतं. आयोजकांनी खेळाडूंची मोजकीच कार्डं छापली होती. शाळकरी साक्षीने एक तिच्यापुढे धरलं आणि तिने हसत निळ्या शाईने सही केली. बाकीच्या पोरींची कार्डं दप्तरात चुरगळली, कुणी वहीत चिकटवली. साक्षीचं तेवढं कोरं करकरीत राहिलं, कपाटात आईच्या पांढऱ्या साडीच्या घडीत.

बन्सीधर सेलूचे कापडवाले, खेळाडूंच्या सह्यांचे नादी. पूर्णा स्टेशनसमोरच्या तात्यारावांच्या झेरॉक्सच्या दुकानातून साक्षीने कार्ड स्कॅन करून पाठवलं, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. "सही कुणाची याला अर्धं मोल, बाई. उरलेलं अर्धं कार्ड कसं राहिलंय त्याला. हाय तसंच ठेव. रविवारी येतो."

कार्ड गेलं की पुण्याच्या क्रीडा प्रशिक्षकाच्या कोर्सची फी भरली जाणार होती. सोमवारी मुदत संपत होती.

"अन् याच्यावर पानी सांडलं तर?" सुलाबाईंनी विचारलं.

"मग गेलं. अन् माझं पुण्याला जाणंबी गेलं!" साक्षी हसली.

सुलाबाईही हसल्या. त्यांनी वाकळ उन्हात घालून आणली होती, शेंगदाण्याची चटणी कुटून डब्यात भरली होती. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं, माझी लेक पुण्याला जायलीय म्हणून. थोरला सिद्धोधन असाच पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. भीमजयंतीला त्याचा फोन येतो.

"कोर्स झाला की इकडंच येशील ना?"

"नोकरी मिळंल तिथं, माय."

"खरंय." वाकळेची घडी घालताना त्या थोडं थांबल्या. "कमलबाई म्हणत व्हत्या, त्यांच्या शाळेत खेळाला बाई पायजेत. पन तू जा बाई. तुझं चांगलं व्हाया पायजे."

शनिवारी साक्षी कॉलेजातला दाखला आणायला परभणीला गेली. संध्याकाळी दमून परत आली तेव्हा आईने तिच्या डोक्याला तेल लावून दिलं.

रविवारी बन्सीधर आले. पाणी प्यायले, हात पुसले, खिशातून भिंग काढलं. साक्षी कपाटाकडे वळली तर आईच पुढे झाली.

"थांब, मी देते. मी पक्कं करून आनलंय."

सुलाबाईंनी कार्ड समोर ठेवलं. जाड प्लास्टिकमध्ये ते चकाकत होतं. चारही बाजूंनी बोटभर पारदर्शक काठ.

"आता पानी पडू द्या न्हाईतर तेल," त्या अभिमानाने म्हणाल्या. "काई व्हायचं न्हाई."

बन्सीधरांनी कार्ड उचललं, तिरकं करून पाहिलं. सहीची निळी शाई मशिनच्या उष्णतेने पसरली होती. कडेला एक हवेचा फुगा राहिला होता.

"हे काढता येईल, काका?" साक्षीने विचारलं.

"काढलं तर सही प्लास्टिकसंगट येईल." त्यांनी भिंग न वापरताच खिशात ठेवलं. "लय वाईट झालं बाई. कालपोतर सोनं व्हतं." चहा न घेताच ते निघाले.

सुलाबाई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काय चुकलं गं माझं?"

साक्षीने भिंतीकडे पाहिलं. वडिलांचं रेल्वेचं ओळखपत्र, तिचं दहावीचं गुणपत्रक, सिद्धोधनचा शाळेतला फोटो. घरात जे जे मोलाचं होतं ते ते आईने असंच प्लास्टिकमध्ये घालून जपलं होतं. कार्डही तिने त्यातच बसवलं होतं.

कार्डाचं मोल कसं गेलं ते साक्षीने सांगितलं. सुलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या अडानीच्या हाताला आग लागो! लेकराचं वाटुळं केलं मी." त्या जमिनीवर बसून हुंदके देऊ लागल्या.

"असं बोलू नको, माय." साक्षी त्यांच्या कुशीत शिरली. "मीच तुला सांगाया पायजे व्हतं. माझीच चूक हाय."

सोमवार गेला. साक्षीने बॅगेतली वाकळ काढून पलंगावर घातली आणि चटणीचा डबा फळीवर ठेवला. मग स्वतःच कमलबाईंना भेटून आली. रडली ती एकदाच, मोरीत नळ सोडून. बाहेर सुलाबाई तिच्यासाठी दशम्या करत होत्या.

शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी सुलाबाई तिला कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला गेल्या. साक्षीने वळून हात केला. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग स्टेशनच्या रस्त्याने परतल्या.

तात्याराव दुकानाचं शटर वर करत होते. त्यांना बघून पायरी उतरून खाली आले.

"वहिनी, पोरगी लय कष्टी झाली म्हणं. मी त्या दिशी किती डाव म्हणलो तुमाला, ह्याला प्लास्टिक लावलं की कुणी इचारायचं न्हाई. स्कॅनला आली तवा तीच मला बजावून गेली व्हती."

सुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्हनून तर लावून घेतलं, भाऊ."