साडेतेहतीस अंश

"टोपडं नका घालू ताई, त्याला गारच ठेवायचंय." आईनं शिवलेलं टोपडं सिस्टरनी माझ्या हातात परत दिलं.

जन्मल्यावर माझं बाळ रडलंच नव्हतं. मेंदूला प्राणवायू पोचला नाही, म्हणून त्याला तीन दिवस थंड गादीवर ठेवलं होतं, साडेतेहतीस अंशांवर. तापमान उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रिया मंदावतात, मेंदूची नासाडीही मंदावते. मी स्वतः बारावीला रसायन शिकवते; तरी त्या गारठलेल्या पावलाला बोट लावलं की वाटायचं, पदराखाली घ्यावं. आई तर चिडलीच होती. "आम्ही बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतो, आणि ही माणसं लेकराला बर्फावर निजवतात!"

चौथ्या दिवशी सकाळी त्याला ऊब द्यायला सुरुवात झाली, तासाला अर्धा अंश. चौतीस. पस्तीस. "आई, कोमट लागतोय गं!" मी हसले. छत्तीसला त्याचा हात झटके देऊ लागला, मग सगळं अंग.

"परत गार करा त्याला," मी डॉक्टरांना विनवलं. "गार होता तेव्हा शांत होता हो."

इंजेक्शन देता देता ते म्हणाले, "ताई, थंडीनं नुकसान हळू होतं. झालेलं भरून येत नाही."

झटके थांबल्यावर सिस्टरनी नळ्या सांभाळत बाळ पहिल्यांदाच माझ्या कुशीत दिलं. "घ्या, हवा तितका वेळ घ्या."

तीन दिवस मी हेच मागत होते, आणि आता मला कुणीच नाही म्हणत नव्हतं.