भरदुपारची अरुंधती

सत्तावन्न सालच्या वैशाखात, मुलुंडच्या मांडवात, भरदुपारी माझी सप्तपदी झाली. भटजींच्या सांगण्यावरून नवऱ्यानं छताच्या कापडाकडे बोट दाखवलं. "अरुंधती दिसली?"

"नाही," मी म्हटलं. वसिष्ठाशेजारचा, ऐंशी प्रकाशवर्षांवरचा तो मंद तारा दुपारी कुणालाच दिसणार नव्हता, आणि संसाराची सुरुवात मला खोट्यानं करायची नव्हती.

पहाटेपासून उभी असलेली आई माझा शालू सारखा करायला वाकली. "हो म्हण गं. पंगत खोळंबलीय."

"तुला दिसली होती?"

"मीही हो म्हटलं होतं."

"आणि नंतर, चोवीस वर्षांत?"

"तिन्हीसांजेला चुलीपुढून कोण उठू देतं?"

मी पुन्हा छताकडे पाहिलंच नाही. आईच्या चेहऱ्याकडे बघत म्हटलं, "दिसली."