पोर्ट नंबर एक

बटण चौथ्यांदा दाबूनही पडदा काळाच राहिला, तेव्हा सूनबाईने वायर काढून पुन्हा खोचून पाहिली.

तिचे सासरे, अण्णा, चार दिवसांसाठी बहिणीकडे गेले होते. त्यांचं भरतकामाचं मशीन या एकाच जुनाट कॉम्प्युटरचं ऐकायचं, तेही मागच्या नऊ पिनांच्या पोर्टमधून. "हा गेला की मीही दुकानाला टाळं लावणार," असं अण्णा उठताबसता म्हणायचे.

तिने डबा उघडला. आतला बोर्ड जळून काळाठिक्कर पडला होता. असा बोर्ड आता औषधालाही मिळत नव्हता.

"तू तर हेच काम करायचीस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"करायचे, आई."

नोकरी सुटून सहा महिने झाले होते. सात ठिकाणी नकार आल्यावर तिने कॉम्प्युटरला हात लावणंच सोडलं होतं.

तरी ती बसली. जुन्या डिस्कची नक्कल काढली. मग स्वतःच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरच्या पोटात तिने व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खोटाखोटा जुना कॉम्प्युटर, उभा केला. अण्णांचा प्रोग्राम लगेच उघडला. भरतकामाचं मशीन मात्र ढिम्म.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. छोट्या कॉम्प्युटरला नऊ पिनांचं पोर्ट नव्हतं, म्हणून मध्ये लावलेल्या यूएसबीच्या जोडवायरीने पोर्टला सात नंबर दिला होता आणि प्रोग्रामला ठाऊक होता फक्त एक. तिने व्हर्च्युअल मशीनला बजावलं, हा सातच तुझा एक.

खडखड करत सुई खाली आली.

"अगं बाई, बोललं की!" सासूबाई ओरडल्या. सूनबाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"अण्णांना पत्ता लागू द्यायचा नाही हं," म्हणत तिने सगळा संसार जुन्या डब्यात बसवून टाकला.

अण्णा आले. बटण दाबलं. शाळेच्या गणवेशावरचं चिन्ह झरझर उमटलं.

"बघा," ते म्हणाले, "म्हातारा अजून ठणठणीत आहे!"

सासू-सुना एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी सूनबाईच्या हातात ठेवलं. तिने उघडून पाहिलं. तसलाच जुना बोर्ड, अगदी स्वच्छ.

"अण्णा! हा कुठे मिळाला तुम्हाला? चालू आहे?"

"चालू आहे. आपल्याच कॉम्प्युटरमधला," अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "जायच्या आदल्या दिवशी मीच काढून ठेवला, आणि त्याच्या जागी भंगारातला जळका बसवला."