खंदकाकाठचं गाव

"डावीकडे बघा बाबा, पंखाच्या खाली!" विमान चालवता चालवता विनी इंजिनाच्या आवाजाहून मोठ्याने ओरडली.

इंग्लंडातल्या लिंकनशरच्या शेतांवर हिवाळ्यातलं तिरकं ऊन पसरलं होतं. खाली मेंढ्यांच्या कुरणात जमिनीच्या उंचवट्यांच्या सावल्या लांबल्या होत्या आणि त्या सावल्यांतून गाव वर आलं होतं. चौकोनी खंदक, तिथून निघालेली गल्ली, दोन्ही अंगांना घरांचे चौथरे. कित्येक शतकांपूर्वी उठून गेलेलं, जमिनीवरून ओळखूही न येणारं गाव. तिचे वडील ऑब्री शाळामास्तर होते. इथे गाव होतं, असं ते जन्मभर सांगत आले. लोक हसून सोडून देत.

"दिसलं ना?"

विनीने मागे वळून पाहिलं. बाबा खिडकीच्या काचेला नाक लावून, डोळे बारीक करून बसले होते.

"धुकं आहे गं बरंच," ते म्हणाले.

आभाळ लख्ख होतं. त्यांची नजर अधू झालीय हे तिला ठाऊक होतं, पण इतकी, हे ठाऊक नव्हतं. तिने विमान कलतं केलं.

"कॅमेरा धरा. मी म्हणेन तेव्हा दाबा."

"मला दिसत नाही त्याचा फोटो मी काढू?"

"गाव तुमचं आहे. मी नाही काढणार. दाबा! अजून एक!"

"अगं, नुसते हुकूम काय सोडतेस? काय काय आहे ते सांग की!"

ती घिरट्या घालत सांगत राहिली. विमान वळवताना ती थांबे. मग मागून येई, "हं, पुढे?"

फिल्म धुऊन आली, तेव्हा बहुतेक फोटोंत पंखच होता, नाहीतर नुसतं आभाळ. एकात मात्र सगळं गाव मावलं होतं.

विनीने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले, फोटो ठेवला आणि बाबांचं बोट हातात घेतलं.

"हा खंदक. इथे वळतो. आता गल्ली लागली. सावकाश, पळू नका. हे शेवटचं घर."

"दार कुठल्या अंगाला?"

"इथे. चौथऱ्याला फट आहे बघा."

ऑब्रींनी हात सोडवून घेतला. कोटाची कॉलर नीट केली, विरळ केसांवरून तळवा फिरवला आणि बोट वाकवून त्या जागी हलकेच दोनदा टकटक केलं.