अहिराणी येणारा टीव्ही

नात अश्विनीचं लग्न झालं ते साल २०४१. मांडव उतरून आठवडा झाला नाही तोच कंपनीचा माणूस पिंपळनेरला भिला भामऱ्यांच्या घरी आला. जुना टीव्ही द्या, नवा फुकट घ्या, अशी योजना होती.

भिला आप्पा खूश झाले. बायकोकडे बोट करून म्हणाले, “लई जा हाऊ डबा. इले काय समजस?”

गुंताबाईंना वीस वर्षं ऐकू येत नव्हतं. पण घरात कुणी बोललं की जुन्या टीव्हीवर अक्षरं उमटत. ती वाचण्यासाठीच त्या साठाव्या वर्षी बाराखडी शिकल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “समदं समजस बरं!”

“आजी, नव्यातही ही सोय आहे,” माणूस म्हणाला. त्याने नवा टीव्ही लावला. आप्पा पुन्हा बोलले. पडद्यावर आलं, ‘भाषा उपलब्ध नाही.’

“अहिराणीला गिऱ्हाईक किती? कंपनीला परवडत नाही.”

हे गुंताबाईंनी जुन्या टीव्हीवर वाचलं. “आमच्या गावच्या कॉलेजच्या पोरींनी या डब्यात चार महिन्यांत अहिराणी घातली. त्यांचा प्रोग्राम कुणालाही फुकट मिळतो. तो तुमच्या टीव्हीत टाका, अख्खी गल्ली घेईल.”

“कंपनी टाकू देत नाही.”

“मग तुमना डबा लई जा.”

त्या गल्लीत नवा टीव्ही एकही गेला नाही. पुढे आप्पा अंथरुणाला खिळले. त्यांनी शेवटचं पाणी मागितलं, ते गुंताबाईंनी पडद्यावर स्वतः वाचलं आणि पाणी स्वतः पाजलं. भिला भामरे १२ जानेवारी २०४७ रोजी सकाळी वारले.